आषाढातील पटकी

इसवी सन १८१७ मध्ये बंगालमधील जेसोरच्या बाजूस पटकीची जी भयंकर साथ उद्भवली, ती वर्षभरात नागपूर प्रांत ओलांडून दख्खनेत उतरली, आणि ज्या साली पेशवाईचा अंत झाला त्याच १८१८ च्या जुलैत, ऐन आषाढी यात्रेच्या सुमारास, तिने पंढरपुरास जमलेल्या वारकऱ्यांवर घाला घातला. ऑगस्टात ती मुंबईत शिरली. रोगाचे कारण तेव्हा ना रयतेस ठाऊक होते, ना नव्या सरकारच्या अंमलदारांस. पण त्याची वेळ मात्र खेड्यांनी लवकरच ओळखली. आषाढात गावोगाव मरीआईची जत्रा भरे आणि देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपार पोचवला जाई. या आचारात निव्वळ भय पाहणे मला अन्यायाचे वाटते, कारण संकटाचा ऋतू त्या माणसांनी अचूक हेरला होता.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात हा क्रम जवळजवळ उलटा असे. तेथे पटकीचा जोर मार्च ते मे या महिन्यांत वाढे, भर पावसात तो ओसरे, आणि पावसाळा सरल्यावर साथ पुन्हा डोके वर काढी. एकाच रोगाने एकाच पर्जन्याशी दोन प्रांतांत असे विपरीत वर्तन का करावे? डॉ. जेम्स ब्रायडन यांनी १८६९ च्या आपल्या अहवालात मोसमी वाऱ्यांबरोबर रोगबीज वाहत जाते असे प्रतिपादन केले. म्यूनिकच्या पेटेनकोफर यांनी भूगर्भातील पाण्याच्या पातळीकडे बोट दाखवले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा वक्र जंतू सापडला, तेव्हा वाऱ्याचा पक्ष दुर्बळ झाला. ऋतूंचे कोडे मात्र तसेच राहिले.

ते उलगडते जमिनीकडे पाहिल्यावर. बंगालात उन्हाळ्यात तळी आटत, स्नान, धुणे आणि पिणे उरल्यासुरल्या पाण्यावरच चाले, आणि नद्यांतून समुद्राचे मचूळ पाणी, जे या जंतूस विशेष मानवते, वर चढे. मुसळधार पावसाने ते सारे विरळ होऊन वाहून जाई. दख्खनेत आठ महिने कोरड्या पडलेल्या ओढ्याकाठी सारे गाव शौचास बसे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस तो सगळा मळ धुऊन ओढ्यात, नदीत आणि कठडा नसलेल्या विहिरीत आणून सोडी. काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी गाळून निघण्याऐवजी तसेच खाली उतरे. वर हवा दमट, आणि शुष्कतेने लवकर मरणाऱ्या जंतूस दमटपणासारखा दुसरा आधार नाही.

नेमक्या याच काळात पालख्या वाटेवर असत. मुक्कामामुक्कामाला शेकडो घागरी एकाच विहिरीत उतरत. चंद्रभागेला पूर नसला म्हणजे ज्या वाळवंटात राहुट्या पडल्या, त्याच वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरले जाई. रोगबीज पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस लागतात. म्हणून पौर्णिमेचा काला घेऊन धडधाकट निघालेला वारकरी परतीच्या वाटेवर अंथरूण धरी, आणि त्याच्याबरोबर रोग त्याच्या तालुक्यात, त्याच्या पाणवठ्यावर पोहोचे.

पाऊस नसला म्हणजे सुटका, असेही नव्हते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आटलेल्या पाणवठ्यांभोवती उपाशी माणसांची दाटी झाली आणि १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात पटकी माजली.

सर लिओनार्ड रॉजर्स यांनी १९२६ च्या सुमारास अनेक वर्षांचे दप्तर तपासून असे दाखवले की, हवेतील बाष्पाचा दाब ०.४ इंचाच्या खाली असतो तेथे पटकी सहसा पसरत नाही, आणि पाऊस हुकलेल्या वर्षानंतर दमट हवा आली की मोठी साथ संभवते. साथीचा अंदाज आगाऊ बांधून यात्रेकरूंना आधीच लस टोचावी, हा त्यांचा आग्रह मला त्यांच्या साऱ्या संशोधनाहून मोलाचा वाटतो. पुढे पंढरपुरास जाणाऱ्यांवर ही लस सक्तीची झाली, नाक्यांवर दाखले तपासले जाऊ लागले, आणि आरोग्य खात्याचे नोकर वाटेवरच्या विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी तांबूस करू लागले. मात्र लशीचा प्रभाव काही महिनेच टिके आणि औषधाचा रंग काही दिवसांत विरे. विहिरीला कठडा बांधणे आणि ओढ्याकाठची घाण दूर नेणे हे काम गावावरच सोपवलेले राहिले, आणि बहुतेक गावांत त्यासाठी पैसा नव्हता.