आधी लोक त्यालाच जेवू घालत

रशियातली मुलं नववर्षाच्या रात्री देद मरोजची, म्हणजे थंडीच्या आजोबाची, वाट बघतात. हा आजोबा मुळात देणारा नव्हता, घेणारा होता. एकोणिसाव्या शतकात खेड्यांतून नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरातलं वडीलधारं माणूस ओटाच्या आंबूस किसेलचा, म्हणजे घट्ट पेजेचा, चमचा खिडकीबाहेर धरून थंडीला हाक मारी: ये, खाऊन जा, पण आमच्या ओटाला हात लावू नकोस. तो भीतीपोटी दाखवलेला नैवेद्य होता. हिवाने पीक गेलं तर वर्षभर खायचं काय?

त्याच्या हाती भेटवस्तू आली ती लेखकांमुळे. ओदोयेव्स्कीच्या १८४१ च्या गोष्टीत तो कामसू मुलीला चांदीची नाणी देतो. आळशी मुलगी मोठी चांदीची लगड आणि टपोरा हिरा घेऊन घरी येते. लगड निघते गोठलेल्या पाऱ्याची, हिरा बर्फाचा. दोन्ही वितळून जातात. पण नेक्रासोवच्या कवितेत हाच मरोज रानात लाकडं तोडायला गेलेल्या विधवा दार्याला गोठवून मारतो. खेड्यातल्या माणसाने ओळखलेली थंडी मला इथेच दिसते.

क्रांतीनंतर नाताळचं झाड धार्मिक म्हणून त्याज्य ठरलं. १९२९ पासून त्याविरुद्ध मोहीमच निघाली आणि झाडाबरोबर आजोबाही गेला. मग २८ डिसेंबर १९३५ ला कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या दैनिकात पावेल पोस्तिशेव या पुढाऱ्याचं छोटंसं पत्र आलं. पूर्वी श्रीमंतांच्या घरातलं झगमगतं झाड कामगारांची पोरं खिडकीतून हेव्याने बघत, मग आता ते त्यांनाच का नाही, असा त्याचा सवाल होता. पत्र छापून येताच गावोगावी झाडं उभी राहिली, पण नाताळला नव्हे, नववर्षाला. शेंड्यावर लाल तारा. आजोबा परतला, सोबत ओस्त्रोव्स्कीच्या १८७३ च्या नाटकातली हिमकन्या स्नेगुरोच्का नात म्हणून आली. नाटकात ती त्याची मुलगी होती.

आज उत्तरेतलं वेलिकी उस्त्युग हे त्याचं गाव मानतात. तिथे मुलांची पत्रं येतात. पोस्तिशेवला मात्र कुणी प्रेमाने आठवावं, असं मला वाटत नाही. १९३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये माणसं उपाशी मरत असताना धान्यवसुली रेटणाऱ्यांत तो होता. १९३८ मध्ये त्यालाही अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याच्याच पक्षाच्या राजवटीने त्याला गोळ्या घातल्या.