कोडच्या वहीची कुळकथा

प्रोग्राम लिहावा तो माणसाला समजावून सांगण्यासाठी. यंत्राला हुकूम देणं हा त्यातला दुसरा भाग, असा विचार स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली मांडला. गणिताची पुस्तकं नेटकी छापता यावीत म्हणून त्यांनी रचलेली टेक ही प्रणालीही त्यांनी याच पद्धतीने लिहिली: आधी परिच्छेदभर खुलासा, मग त्याला जोडून कोडचा तुकडा. एकाच मूळ फाइलमधून वाचकासाठी छापायचं पान निघे आणि यंत्रासाठी प्रोग्राम. आज प्रोग्रामर नसलेली माणसंही ब्राउझरमध्ये जी नोटबुक उघडतात, तिचं कूळ इथवर पोचतं.

क्नूथ यांच्या छापील पानात आकडा बदलून काय होतं ते मात्र पाहता येत नसे. ती सोय १९८८ मध्ये आलेल्या मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरने दिली. थिओडोर ग्रे यांनी घडवलेल्या तिच्या नोटबुकमध्ये समीकरण लिहायचं, चालवायचं, की उत्तर किंवा आलेख तिथेच खाली उमटायचा. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर चालत नाही, पायऱ्या दाखवाव्या लागतात. तशा पायऱ्या या पानावर आपोआप राहत. पण मॅथेमॅटिका विकत घ्यावी लागे आणि तिचा कोड बंद होता.

कोलंबियाचे फर्नांडो पेरेझ २००१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. मॅथेमॅटिकाची त्यांना सवय होती आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने हाती आली होती. पायथनमध्येही तशाच रीतीने काम करता यावं म्हणून प्रबंध बाजूला ठेवून त्यांनी २५९ ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो आयपायथन. पुढे त्याला नोटबुकचं रूप देण्याचे एकाहून अधिक प्रयत्न फसले. मग २०१० च्या सुमारास एक निर्णय झाला, आणि या सगळ्या कथेत मी तो सर्वांत मोलाचा मानतो: हिशेब करणारा भाग आणि माणसासमोरचा पडदा वेगळे करायचे, दोघांनी एकमेकांना फक्त निरोप पाठवायचे. हिशेब करणाऱ्याला कर्नेल म्हणतात. तो कुठेही असो, पडदा म्हणून साधा ब्राउझर पुरतो. ब्रायन ग्रेंजर यांनी २०११ मध्ये तो पडदा लिहिला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आयपायथन नोटबुक लोकांसमोर आली. २०१४ मध्ये तिचं नाव ज्युपिटर झालं. त्यात ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषा आहेत, आणि १६१० मध्ये गुरूच्या चंद्रांच्या नोंदी ठेवणाऱ्या गॅलिलिओला वंदनही.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी लायगो या वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा डेटासोबत तो उलगडणारी नोटबुकही खुली केली. लायगोच्या भारतीय वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा ठरली आहे. त्या पहिल्या लहरीचा आलेख हिंगोलीतल्या विद्यार्थ्यालाही ब्राउझरमध्ये स्वतः काढता येतो.

तरीही इथपर्यंतची सगळी मंडळी शास्त्रज्ञच होती. प्रोग्रामर नसलेल्या माणसाची वाट अडायची ती पहिल्याच पायरीवर: हे सगळं आपल्या मशीनवर बसवायचं कसं? आणि ही वाट मोकळी केली ती बहुतेक शिक्षकांनी, नोटबुकला जोडलेल्या छोट्या छोट्या एक्स्टेन्शनांनी.

बर्कली विद्यापीठात २०१५ साली ‘डेटा ८’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोडिंगचा गंध नसताना यावं, अशी त्याची आखणी. तिथे एनबीगिटपुलर नावाचं एक्स्टेन्शन कामी आलं. विद्यार्थी एका दुव्यावर क्लिक करतो आणि त्या दिवसाचा धडा विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्याच्या खात्यात येऊन उघडतो. मागे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची सगळी यातायात चालते, त्याला ती दिसतही नाही. शिक्षकाने नंतर धडा बदलला तरी विद्यार्थ्याने लिहिलेलं पुसलं जाणार नाही, हा त्याचा नियम. शिकणाऱ्याचा केवढा मान राखला आहे यात! जेसिका हॅमरिक यांनी बर्कलीतच घडवलेल्या एनबीग्रेडरने सूचनांचे सेल, म्हणजे नोटबुकमधले चौकोन, कुलूपबंद ठेवायची आणि उत्तर तिथल्या तिथे तपासायची सोय केली. त्याआधी, २०१४ मध्येच, विजेट्स आले होते: एक ओळ लिहिली की आकड्याच्या जागी सरकपट्टी, आणि ती सरकवताच आलेख हलतो.

यातून माणूस काय शिकतो, त्याचं ‘डेटा ८’च्या पाठ्यपुस्तकातलं एक उदाहरण मला विलक्षण वाटतं. अलाबामातल्या टॅलाडेगा काउंटीत रॉबर्ट स्वेन या कृष्णवर्णीय तरुणावर खटला चालला. ज्युरी ज्यातून निवडायची त्या १०० जणांत ८ कृष्णवर्णीय होते. पात्र लोकसंख्येत त्यांचं प्रमाण २६ टक्के. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ही तफावत लहान ठरवली. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला सांगतं, तूच करून पाहा. चार-सहा ओळींत १०० जणांची यादी निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडायची, तेच १०,००० वेळा करायचं आणि आलेख काढायचा. ढीग २६ च्या आसपास साचतो, आणि ८ किंवा त्याहून कमी आकडा जवळपास कधीच येत नाही. हा आलेख स्वतः काढलेला माणूस पुढे वर्तमानपत्रातली टक्केवारी निमूट मान्य करत नाही. तंत्रसाक्षरता म्हणतात ती मला इथे दिसते, नोकरीसाठीच्या कोडिंगच्या क्लासात तितकी दिसत नाही.

नोटबुकचा धोकाही सांगायला हवा. सेल कुठल्याही क्रमाने चालवता येतात, आणि पुसलेल्या सेलमधला आकडाही कर्नेलच्या स्मरणात राहतो. पडद्यावर एक आणि स्मरणात भलतंच, असं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १४ लाख नोटबुक गोळा केल्या. त्यांतल्या ज्या पुन्हा चालवून पाहिल्या, त्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश विनाअडथळा चालल्या, आणि तेच उत्तर देणाऱ्या चार टक्क्यांच्या आसपास निघाल्या. म्हणून नवख्याला पहिल्याच दिवशी ‘कर्नेलचं स्मरण पुसून सगळं वरून खाली चालव’ ही सवय लावावी.

मराठीसाठी या वहीत बरीच जागा आहे. खुलाशाचे सेल मराठीत लिहिता येतात. पायथन ३ मध्ये ‘पाऊस’ किंवा ‘दर’ अशी नावं चालतात, आणि वाचकाने देवनागरीत टंकलेला ‘१२’ हा आकडाही पायथनला ओळखता येतो. अडतं ते चूक झाल्यावर. लाल अक्षरांतला निरोप इंग्रजीत येतो, आणि आठवीतलं मूल किंवा बचत गटाचा हिशेब मांडायला बसलेली बाई तिथेच हात काढून घेते. पण कर्नेल आणि पडदा वेगळे असल्याने चुकीचा निरोपही प्रकार आणि तपशील वेगवेगळे लावून येतो. वाटेतच तो वाचून खाली मराठी खुलासा दाखवणारं एक्स्टेन्शन लिहिता येईल: नेमएरर आला, तर ‘हे नाव अजून माहीत नाही, वरचा सेल चालवायचा राहिला का?’ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला पुरेल एवढं हे काम आहे.