जनित्र : एक शब्द आणि मुळशीचे पाणी

हिंदी आणि मराठी विज्ञानपुस्तकांनी ‘जनित्र’ हा एकच शब्द संस्कृतातून उचलला. वैदिक संस्कृतात त्याचा अर्थ जन्मस्थान, उगम असा आहे. शब्द देखणा खरा; पण वीज त्या यंत्रातच जन्मते, असा ग्रह त्याने होतो. १८३१ साली मायकेल फॅरडे यांना निराळेच आढळले. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक नुसता ठेवून प्रवाह मिळत नाही; तो आत-बाहेर हलत असेल, म्हणजेच वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र पालटत असेल, तेवढाच वेळ मिळतो. शिवाय प्रवाह वाहू लागताच तो त्या हालचालीलाच विरोध करतो. अधिक वीज हवी, तर यंत्र फिरविण्यास अधिक जोर लागतो. हा जोर बाहेरून आणावा लागतो, आणि तुलनेच्या अभ्यासकाला रस असावा तो येथे.

सह्याद्रीत तो जोर घाटमाथ्यावरून कोकणात सोडलेल्या पाण्याने पुरविला. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे केंद्र मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झाले. पुढच्या योजनेसाठी मुळशीला धरण बांधू लागताच मावळातील शेतकऱ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. हा लढा जमिनीचा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र विजेचा उगम कोठे मानावा, हा वादही त्यात होता. धरण झालेच, मावळातील भातखाचरे पाण्याखाली गेली आणि त्याच पाण्यावर १९२७ पासून भिऱ्याची जनित्रे फिरू लागली.