जॅझ ऐकावे कसे?

जॅझ प्रथमच ऐकणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते : प्रत्येक वादक मनाला येईल ते वाजवतो, मग यात बांधणी कोठे आहे? ख्याल पहिल्यांदा ऐकणाराही हाच प्रश्न विचारतो आणि उत्तरही जवळपास तेच आहे. कलावंत मोकळा असतो, पण आवर्तनाच्या आत. ते आवर्तन कानाला सापडले की जॅझ उलगडू लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी हे संगीत घडविले. ब्लूज, चर्चमधील भक्तिगीते, रॅगटाइम आणि बँडचे संचलन-संगीत त्यात मिसळले. १९१७ मध्ये जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती मात्र गोऱ्या वादकांची होती. पुढच्या दशकात लुई आर्मस्ट्राँग यांनी एकल वादनाला मध्यवर्ती स्थान मिळवून दिले.

जॅझमध्ये सामान्यतः आधी एक धून वाजते. मग एकेक वादक त्याच धुनेच्या लांबीवर आणि तिच्या कॉर्डच्या क्रमावर उत्स्फूर्त विस्तार करतो. शेवटी धून परत येते. अशा प्रत्येक फेरीला ‘कोरस’ म्हणतात.

पहिला धडा

नवख्याने माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या अल्बममधील ‘सो व्हॉट’ ही रचना घ्यावी. संथ प्रास्ताविकानंतर डबल बासवर धून सुरू होते. तिच्या प्रत्येक तुकड्याला आधी पियानो आणि मग ट्रम्पेट व सॅक्सोफोन दोन आघातांचे छोटे उत्तर देतात. हा संवाद ध्यानात ठेवावा.

येथील फेरी ३२ विभागांची आहे व प्रत्येक विभागात चार मात्रा आहेत. पहिल्या १६ विभागांत आपल्या काफी थाटाचे स्वर आहेत. पुढच्या आठ विभागांत तेच स्वर, पण षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो. शेवटच्या आठांत तो पुन्हा मूळ जागी येतो. आपल्या मैफलीत षड्ज अढळ असतो. येथे तो हलतो आणि परततो, ही जागा ओळखता आली की आवर्तन हाती लागले. मग डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली आणि बिल इव्हान्स एकाच चौकटीत किती वेगळे बोलतात, ते कळू लागते. डेव्हिस यांच्या वादनात स्वरांइतकेच मौन महत्त्वाचे आहे, तर कोल्ट्रेन यांच्याकडे स्वरांची दाटी आहे.

ठेका मोजताना भर पहिल्या मात्रेवर शोधू नये. तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. मुंबईकर कानाला हा बाज अगदी परका नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. ‘अलबेला’ (१९५१) हा चित्रपट त्याच काळातला.

स्वातंत्र्याचा अर्थ

‘काइंड ऑफ ब्लू’ ऑगस्ट १९५९ मध्ये प्रकाशित झाला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ क्लबबाहेर, जेथे त्यांचा कार्यक्रम सुरू होता, पोलिसांनी डेव्हिस यांना डोके फुटेपर्यंत मारले. पदपथावरून हटण्यास त्यांनी नकार दिला होता, एवढेच निमित्त. ज्या समाजाला रस्त्यावर उभे राहण्याचीही मोकळीक नव्हती, त्याने रंगमंचावर प्रत्येकाला आपली पाळी आणि आपला आवाज दिला. जॅझमधील उत्स्फूर्ततेला म्हणूनच निव्वळ मौज मानता येत नाही.

यानंतर आर्मस्ट्राँग यांचे ‘वेस्ट एंड ब्लूज’ (१९२८), ड्यूक एलिंग्टन यांचे ‘टेक द ए ट्रेन’ (१९४१) आणि चार्ली पार्कर यांचे ‘को-को’ (१९४५) ऐकावे. एकच रचना तीनदा ऐकणे उत्तम : एकदा धुनेसाठी, एकदा एकल वादनासाठी आणि एकदा केवळ बाससाठी.