रोलबॅक म्हटलं, पण झालंच नाही!

माझ्या खात्यातून पाचशे वजा झाले आणि तुमच्या खात्यात जमा होण्याआधीच एरर आला, तर? डेटाबेसने पहिली नोंदही मागे घ्यायला हवी. यालाच रोलबॅक म्हणतात. 1981 मध्ये जिम ग्रे यांनी ‘ट्रान्झॅक्शन’ ही कल्पना एका निबंधात नीट मांडली. 1983 मध्ये हेर्डर आणि रॉयटर यांनी तिच्या चार गुणांना ‘ॲसिड’ हे नाव दिलं.

मग 1995 मध्ये स्वीडनमधून मायएस्क्यूएल आलं. पुढे त्याचं डीफॉल्ट इंजिन झालं मायआयसॅम. वेगवान होतं, पण ट्रान्झॅक्शन मानतच नव्हतं! रोलबॅक म्हटलं की फक्त एक वॉर्निंग यायची, अर्धवट नोंद तशीच राहायची. 2010 मध्ये 5.5 आवृत्तीत इनोडीबी डीफॉल्ट झालं. पण जुनी टेबलं काही आपोआप बदलली नाहीत.

म्हणून रोलबॅक फसला की मी आधी ‘शो टेबल स्टेटस’ चालवून इंजिन बघतो. मग बघतो, मध्येच कुठे ‘अल्टर टेबल’ आहे का. कारण तिथे आधीचं सगळं गुपचूप कमिट होतं. जुना डेटाबेस हाती आला, तर एवढं नक्की तपासा. भेटू पुढच्या भागात!