पुरावा कोणी द्यायचा? चवदार तळ्याच्या मुलखातील कातकरी आणि त्यांचे कागद

१/ वीर हे महाड तालुक्यातील कोकण रेल्वेचे स्थानक. रोह्याहून इथवर रूळ १९९३ मध्ये पोहोचले. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या हकिगती कोकणात घरोघरी आहेत; रायगडातील दुसऱ्या एका स्थलांतराची मात्र फारशी वाच्यता होत नाही. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही बरोबर असतात.

२/ हे लोक परदेशातून आलेले नाहीत. या डोंगरांतील जुन्यांत जुन्या रहिवाशांपैकी ते आहेत. तरीही अनेकांकडे तसे सिद्ध करणारा कागद नाही. स्वतःच्याच मुलखात माणूस बिनकागदी कसा होतो आणि त्याची किंमत त्याच्या मुलांना कशी मोजावी लागते, याचा हा इतिहास.

३/ ‘कातकरी’ हे नाव कातावरून पडले. खैराचे लाकूड उकळून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली आणि पिढीजात धंदा गुन्ह्याच्या कक्षेत आला. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडाच्या, काही भागांत आदिवासींना डोंगरउतारावर ‘दळी’ जमिनी कसायला मिळाल्या. पण नोंद गटाच्या नायकाच्या नावे होई. बाकीची कुटुंबे कागदावर आलीच नाहीत.

४/ स्वातंत्र्यानंतर खोती संपली, कुळांची नावे सातबाऱ्यावर चढू लागली. कातकरी बहुतेक ठिकाणी कूळ नव्हता, मजूर होता. त्याची वाडी अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभी राहिली.

५/ येथून साखळी सुरू होते. जमीन नावावर नाही, म्हणून घराचा आधार डळमळीत. मूल भट्टीवर जन्मले, तर जन्माची नोंद राहून जाते. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, म्हणून जात लिहिलेला जुना दाखला नाही. सरकारदरबारी एक कागद दुसऱ्या कागदाचा जामीन असतो; पहिलाच नसेल, तर पुढचा मिळत नाही.

६/ अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० हा दिनांक महत्त्वाचा: त्या काळी कुटुंब या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. ऑक्टोबर २००१ मध्ये लागू झालेल्या राज्याच्या जातप्रमाणपत्र कायद्याने तर सिद्धतेचा भार स्पष्ट शब्दांत अर्जदारावरच टाकला.

७/ या कडकपणामागे कारण होते. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावल्या जात होत्या. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात पडताळणीची सविस्तर पद्धत घालून दिली. नियम खऱ्या आदिवासींच्या रक्षणासाठी होता. पण ज्यांच्या घरात १९५० पूर्वीचा कागदच नाही, त्या खऱ्या आदिवासींनाही तो अडवू लागला.

८/ शाळेच्या दाराशी कायदा वेगळे बोलतो. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरीही नाही. स्थलांतरितांच्या मुलांसाठी राज्याने हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड आणले. पण शाळा संपून शिष्यवृत्ती वा व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागा मागायची वेळ आली, की साखळीतला तुटलेला दुवा पुन्हा समोर येतो.

९/ अमेरिकेतही रेषा जवळपास याच ठिकाणी ओढली गेली. १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याला बजावले, की कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळा नाकारता येणार नाही. महाविद्यालयाचा प्रश्न राज्यांवर राहिला. टेक्सासने २००१ मध्ये अशा विद्यार्थ्यांना स्थानिकांइतकेच शुल्क लावले; २०२५ मध्ये न्यायालयीन आदेशाने ती सवलत गेली.

१०/ भार हलका करण्याच्या वाटाही कायद्यानेच दाखवल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा मानला. ज्या समाजाचा इतिहास बोलण्यात जपला गेला, त्याच्या बोलण्याला कागदाचे वजन आले. २०२३ च्या पीएम-जनमन मोहिमेत दाखले आणि आधार कार्डांसाठी वस्त्यांपर्यंत शिबिरे नेण्यात आली. महाराष्ट्रातील कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरीही तिच्या कक्षेत आहेत.

११/ शेवटी महाडकडे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही त्या तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कागदावर मिळालेला हक्क कागदावरच काढून घेता येतो, हे टेक्सासच्या कितीतरी आधी महाडने पाहिले.

१२/ पुढे खटला दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवर्ण वादींचे अपील फेटाळले. कारण साधे होते: अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. म्हणजे पुरावा आत येऊ पाहणाऱ्याकडे मागितला गेला नाही. दार लावणाऱ्याकडे मागितला गेला. त्याच तालुक्यातल्या कातकरवाडीतील मुलाला मात्र आपण कोण आहोत हे आजही स्वतःच सिद्ध करावे लागते.