फिरंगी पातं आणि मुल्हेरी मूठ: बदल नेमका कुठे केला?

मे महिन्यात गणपतीपुळ्याला मामाकडे गेलो होतो. मामाला बऱ्याच खटपटीनंतर शस्त्राचा परवाना मिळाला आणि त्यावर त्याने .३२ बोअरचं रिव्हॉल्वर घेतलंय. वस्तू नवीकोरी, पण त्याच्याकडे बदलांची यादी आधीच तयार होती. मुठीला शिसवी लाकूड, त्यावर गणपती कोरलेला. ट्रिगर जरा हलका. नळीच्या टोकावरच्या माशीला पांढरा ठिपका. कमरेला लावायला चामड्याचं होल्स्टर. "अरे, तू सायन्सवाला ना? मग सांग, यातल्या कशावर पैसे घालू?"

मी म्हटलं, मामा, ट्रिगरला हात लावू नकोस. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार हे परवानाधारक कारागिराचंच काम आहे, आणि हलका केलेला ट्रिगर नको तेव्हा दबला तर पहिली गोळी स्वतःच्याच मांडीत जाते. बाकीच्या यादीबद्दल मात्र मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न मी वर्षभर जुन्या तलवारींबद्दल वाचतोय. अंगावर वागवायचं शस्त्र नवं हातात आलं की माणूस त्यात काय बदलतो, आणि काय तसंच ठेवतो?

तलवारीपासूनच सुरू करतो. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरच्या रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार आली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचं. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरीत सोन्याच्या पाण्याने रघुजींचं नाव, 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द. बातमी आली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर भांडण जुंपलं. पातं परदेशी, मग तलवार मराठा कशी? एका गटाला पातं युरोपचं आहे हेच पटेना, दुसऱ्या गटाला त्यात कमीपणा वाटला. गंमत म्हणजे तलवारीच्या मालकाला दोन्हींपैकी काहीच वाटलेलं दिसत नाही. त्याने सरळ 'फिरंग' असं सोन्याने लिहून घेतलंय.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. 'आपली की त्यांची' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुराव्याने मिळत नाही, कारण कोणता पुरावा मिळाला तर उत्तर 'आपली' येईल हे आधी कोणी ठरवलेलंच नसतं. 'काय बदललं आणि काय ठेवलं' हा प्रश्न वस्तूकडे बघून सोडवता येतो.

फिरंग किंवा फिरंगी म्हणजे युरोपीय पात्याची तलवार. पुढे त्या घाटाच्या देशी पात्यांनाही तेच नाव पडलं. पाती जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावांतून, इटलीतून, स्पेनमधून निघत आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत. १५१०पासून गोवा पोर्तुगीजांकडे होतं. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या पत्रव्यवहारातही तलवारीची पाती हा विक्रीचा माल म्हणून येतो. लक्षात घ्या, नुसती पाती. तयार तलवार नाही. गणपतीपुळ्याहून उत्तरेला जयगडला गेलात तर शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला दिसतो. अशा प्रत्येक खाडीच्या तोंडावर किल्ला का होता हे समजायला, आत-बाहेर जाणाऱ्या मालाचा विचार केला तरी पुरतं.

मग युरोपचं पातं घ्यायचंच कशाला? 'आपल्याकडे चांगलं पोलाद नव्हतं' हे उत्तर तर चुकीचं आहे. दक्षिण भारतातलं मुशीतलं पोलाद, वुट्झ, जगभर जात होतं. त्यात कार्बन एक टक्क्याहून जास्त, त्यामुळे धार छान धरायचं. पण जास्त कार्बनचं पोलाद ठिसूळपणाकडे झुकतं. लांब, सरळ, सडपातळ पात्याला वाकून परत सरळ होण्याचा गुण लागतो आणि तो येतो तापवून विझवणं, मग पुन्हा बेताने तापवणं या प्रक्रियेतून. युरोपातल्या चांगल्या कारखान्यांचा यात हातखंडा होता, आणि तिथे माल मोठ्या प्रमाणावर निघायचा. गुण, पुरवठा आणि शान या तिघांतलं कोणतं कारण किती, हे पात्यागणिक वेगळं असणार.

शान हे कारण हलकं समजू नका. करवीर दरबाराकडून १८७५-७६च्या दौऱ्यात ब्रिटनच्या युवराजाला भेट गेलेली 'जगदंबा' तलवार आज तिथल्या राजसंग्रहात आहे. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची आयएचएस ही अक्षरं तीनदा उमटवलेली आहेत. आंद्रेआ फेरारा हे नाव तर इतक्या पात्यांवर सापडतं की एका लोहाराने तीन जन्म घेतले तरी एवढी पाती निघणार नाहीत. पासाउ आणि झोलिंगेनचा धावता लांडगा, इटलीची कोयत्यासारखी खूण, या सगळ्यांच्या नकला झाल्या, आपल्याकडेही झाल्या. म्हणजे खूण दिसली की पातं तिथलंच, असं मानायचं नाही.

आता मूठ. युरोपीय तलवारीत पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून पक्कं करतात. आपल्याकडे शेपूट बहुधा आखूड, मूठ पोकळ लोखंडाची. मुठीत लाख किंवा राळेचं मिश्रण भरायचं, शेपूट तापवून आत बसवायचं आणि थंड होऊ द्यायचं. फिरंगीत शिवाय मुठीच्या दोन लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर पुढे आणून रिवेटने जखडलेल्या असतात. लांब पात्याचा झटका एकट्या लाखेवर येऊ नये म्हणून. ही जोडणी मला फार आवडते, कारण ती परतवता येते. मूठ तापवली, रिवेट काढले की पातं मोकळं. बाप गेला, मुलाने मूठ बदलली. मूठ मोडली, पातं तेच राहिलं. म्हणून अशा तलवारीला दोन जन्मतारखा असतात, आणि संग्रहालयाच्या पाटीवर एकच शतक लिहिलेलं दिसलं की मला आधी शंका येते.

फिरंगीची मूठ हाताला झाकणारी: रुंद परज, बोटांवरून जाणारी पट्टी, मागे चकती आणि चकतीतून निघालेला लांब खिळा. खिळ्याचे दोन उपयोग सांगतात. जोराचा वार करताना दुसऱ्या हाताने धरायला, आणि तलवार म्यानात असताना हात टेकवायला. दुसरा उपयोग वाचून मी आधी हसलो होतो. मग लक्षात आलं की कमरेचं शस्त्र शंभरातले नव्व्याण्णव तास म्यानातच असतं. युरोपीय मुठींचा या घाटावर प्रभाव पडला असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे इथेही 'शुद्ध देशी' वगैरे भानगड नाही.

मुठीतला बदल खरंच उपयोगाचा होता की नुसती सवय? याचं उत्तर मिळण्याच्या सर्वांत जवळ नेणारी गोष्ट मराठा काळातली नाही, शंभरेक वर्षांनंतरची आहे. कॅप्टन लुई नोलन हा ब्रिटिश घोडदळाचा अधिकारी. १८५४मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात मेला तोच. १८५३च्या घोडदळावरच्या पुस्तकात तो निजामाच्या घोडेस्वारांच्या एका चकमकीबद्दल लिहितो (आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात होता). त्या चकमकीतल्या जखमा इतक्या भयंकर होत्या की कसल्या तलवारी वापरल्या हे नोलनने मुद्दाम शोधून काढलं. त्या निघाल्या ब्रिटिश घोडदळानेच टाकून दिलेल्या जुन्या पात्यांच्या!

पातं तेच होतं. बदललं होतं ते एवढंच: मूठ लहान आणि चपटी बसवलेली, धार मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी, म्यान पोलादाऐवजी लाकडाचं, आणि तलवार उडून बाहेर पडू नये म्हणून मुठीतून ओवलेला एक पट्टा. लढाईशिवाय ती उपसायची नाही, हा नियम. वार करण्याची काही खास पद्धत शिकवता का, असं त्याने एका जुन्या स्वाराला विचारलं. उत्तराचा मथितार्थ असा की शिकवत काही नाही, धार असली की कोणाच्याही हातात चालते.

यातल्या दोन गोष्टी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने स्वतः करून बघण्यासारख्या आहेत. गोल दांडी डोळे मिटून धरा, धार कुठल्या दिशेला आहे ते हाताला कळत नाही. चपटी धरा, लगेच कळतं. धार पंधरावीस अंश फिरली तरी वार कापण्याऐवजी थापडीसारखा पडतो. कोकणातल्या कोयतीची मूठ पूर्ण गोल नसते ती उगाच नाही. दुसरी गोष्ट म्यानाची. पोलादी म्यानात पातं रोज आत-बाहेर केलं की धार प्रत्येक वेळी पोलादावर घासते. म्हणजे शिकलगाराने पाजवलेली धार कवायतीतच मरते. लाकडाचं म्यान धारेपेक्षा मऊ, तिथे झीज म्यानाची होते.

आयता प्रयोग सापडला म्हणून मी फार खूश झालो होतो. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "नोलनला काय सिद्ध करायचं होतं?" त्याला ब्रिटिश कवायत आणि पोलादी म्यान यांच्यावर टीका करायची होती. चकमक एकच. घोडे, खोगीर, स्वारांचा अनुभव, सगळंच वेगळं. चार बदल एकदम केलेले, तेव्हा कोणत्या बदलाने किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही. शिवाय बोथट तलवारीच्या किरकोळ जखमांबद्दल मुद्दाम कोण लिहील? तरी ही साक्ष मी टाकून दिलेली नाही. बदलांची यादी नोलनने प्रत्यक्ष चौकशी करून दिली आहे, त्यामुळे ती बरीच विश्वासार्ह. त्यांच्या परिणामाबद्दलचं त्याचं मत तेवढं नाही. एकाच साधनातली दोन विधानं वेगवेगळ्या वजनाची असू शकतात, हे मला प्रपोजल लिहिताना कोणी सांगितलं असतं तर एक सेमिस्टर वाचलं असतं.

जिवंत तलवारींवरून उत्तर काढायचं म्हटलं तरी अडचण आहेच. संग्रहालयात पोचते ती सोन्याची, नावाची, जपलेली. रोज वापरातली झिजली, मोडली, वितळून तिचे विळे झाले. म्हणून नमुन्यात नक्षी जास्त दिसते. पात्याच्या आतलं पोलाद बघायचं तर पूर्वी तुकडा कापावा लागे, आणि तो कोणी कापू देत नाही. आता न्यूट्रॉन विवर्तनाने न कापता बघता येतं. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या एका भारतीय शमशेरवर असं काम झालं, त्याचा निबंध २०१५मध्ये आला. एकाच तलवारीवर जुनी आणि नवी दोन्ही पद्धती ताडून बघितल्यात, त्यामुळे सुरुवातीला वाचायला तो फार सोयीचा. आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनची उपकरणं आहेत आणि यूजीसी-डीएईच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठातल्या संशोधकांना ती वापरायला अर्ज करता येतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामाने पुन्हा यादी काढली. वाडीतला गडी तेव्हा कमरेच्या आकडीला कोयती अडकवून माडावर चढत होता. दोन्ही हात मोकळे, आणि कोयती हलतही नव्हती. मी मामाला म्हटलं, पैसे घालायचे तर ते वागवायच्या सोयीवर आणि मुठीवर घाल, तेही परवानाधारक दुकानातून. आणि शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात बंद करू नकोस. इथल्या हवेत मीठ, पावसाळ्यात चामडं ओलावा धरतं, गौरी-गणपतीपर्यंत नळीला तांबेरा चढेल. त्याने ट्रिगर खोडला. ठिपकाही खोडला.

गणपती मात्र कोरणारच म्हणाला. यावर मी वाद घातला नाही, रघुजींनीही नाव सोन्याने घातलंच होतं.